महापालिकेच्या योजनेतून शिलाईचं युनिट आणि हातगाडी, दोन्हीला काही मिळतं का? (सोलापूर)

मोबाईलवाला_सोलापूर विचारतात:

नमस्कार मंडळी. दोन वेगळे विषय एकमेकांत अडकलेत म्हणून एकाच धाग्यात टाकतोय.

आम्ही विडी घरकुलात राहतो. सात रस्त्याच्या बाजूला माझी हातगाडी आहे, मोबाईलची कव्हरं, टफन ग्लास, चार्जर असला माल. बायको घरी युनिफॉर्मचं जॉबवर्क करते. कारखानदार कापलेला माल गठ्ठ्यानं आणून टाकतो, ही कॉलर, कफ, खिसा जोडून शर्ट उभा करून देते. नगावर पैसे. फेब्रुवारी ते मे मान वर करायला फुरसत नसते आणि दिवाळीनंतर हात रिकामे. शिवाय पैसे कधी मिळतील याचा नेम नाही. मेमध्ये दिलेल्या मालाचे पैसे गणपतीपर्यंत लटकतात.

आता शेजारच्या दोघी आणि ही, तिघींनी मिळून स्वतःचं युनिट काढायचं मनात आहे. दोन पॉवर मशीन, एक ओव्हरलॉक, एक काज मशीन, कापायचं टेबल आणि थोडं खेळतं भांडवल. चार लाखांच्या घरात आकडा जातो.

गल्लीत एक माणूस फिरतोय. म्हणतो, "महापालिकेची योजना आहे, चार लाख मिळतील, त्यातला लाख माफ. फाइलचे पंधरा हजार आधी द्या." तिघींच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स घेऊन गेलाय. हे खरं असतं का? महापालिका खरंच काय देते? आणि माझ्या गाडीला काही कागद मिळू शकतो का? अतिक्रमणवाले आले की दर वेळी गाडी घेऊन पळायची वेळ येते.

---

उगाच_नाही:

दादा, योजना बोर्डावर असतात. पतसंस्थेतून काढ आणि मोकळा हो. सरकारी फाइलच्या मागे लागलास तर यंदाचा सीझन जाईल.

---

निवृत्त_समूहसंघटिका:

वरच्या भाऊंचा राग समजतो, पण पतसंस्थेचं व्याज भरून शर्टाच्या शिलाईत काय उरतं ते त्यांनी एकदा मांडून दाखवावं.

मी एका महापालिकेच्या समाज विकास विभागात समूहसंघटिका होते. गट बांधायचे, वस्तीत बैठका घ्यायच्या, फॉर्म भरून घ्यायचे, बँकेत बायकांबरोबर बाकड्यावर बसायचं, हेच आयुष्यभर केलं. तेव्हा ऐका.

पहिलं त्या माणसाचं. "महापालिका चार लाख देते" हे वाक्यच खोटं आहे. तो बहुतेक पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाबद्दल, म्हणजे पीएमईजीपीबद्दल बोलतोय. ती योजना केंद्राची, राबवतं जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी मंडळ, पैसे देते बँक. महापालिकेचा त्यात पैशाचा संबंध नाही. अर्ज ऑनलाइन आणि फुकट. फाइलचे पंधरा हजार म्हणजे त्याच्या खिशातले. झेरॉक्स आजच परत मागा. यापुढे कुणालाही झेरॉक्स देताना त्यावर आडवी सही करून "फक्त अमुक कामासाठी" आणि तारीख लिहीत जा. कोऱ्या झेरॉक्सवर लोकांच्या नावानं काय काय उचललं जातं ते मी पाहिलंय.

आता त्याच्या "लाख माफ"चा हिशेब. तुमच्या मिसेस अर्जदार असतील तर महिला म्हणून विशेष प्रवर्ग लागतो. शहरात या प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के. चार लाखांवर अनुदान एक लाख, तुमचे वीस हजार, आणि बँक मंजूर करते तीन लाख ऐंशी हजार. पण तो लाख कुणाच्या हातात पडत नाही. तो बँकेतच तीन वर्षांसाठी मुदत ठेवीसारखा पडून राहतो. तुम्हाला त्यावर व्याज नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का ते बघायला माणूस येतो, मगच तो लाख कर्जात वळता होतो. मधेच मशीन विकलं किंवा खातं थकलं की अनुदान गेलं. आमच्या बायका पहिल्याच बैठकीत विचारायच्या, "मॅडम, सबसिडी कधी हातात?" मी सांगायचे, सबसिडी तुमचा शेवटचा हप्ता आहे असं समजा.

दोन अटी नीट वाचा. युनिट नवीन हवं. चालू धंद्याला ही योजना नाही. आणि एका कुटुंबात, म्हणजे नवरा-बायको मिळून, एकालाच. तेव्हा तुम्ही तुमच्या गाडीसाठी याच योजनेत अर्ज टाकायचा विचार करत असाल तर सोडा. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या आत असेल तर शिक्षणाची अट नाही. त्यावर आठवी पास लागते. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजनाही २०१९ पासून आहे, तीही जिल्हा उद्योग केंद्रातच. दोन्हींपैकी एकच घेता येते, तिथे बसून विचारा कुठली बसते.

मग महापालिका कशाला? १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, तिच्यात शहरी दारिद्र्य निर्मूलन आणि आर्थिक-सामाजिक विकासाचं नियोजन ही कामं शहराच्या स्थानिक संस्थांकडे देता येतील अशी तरतूद झाली. कामं लिहिली गेली, पैसा मात्र त्या हिशेबानं आला नाही. म्हणून महापालिकेकडे जे मागण्यासारखं आहे ते म्हणजे कागद, प्रशिक्षण आणि जागा. पैसा मागायला गेलात की शिपाई तुम्हाला दोन मजले फिरवेल. कागद मागायला गेलात तर निदान टेबल कळतं.

प्रशिक्षण: महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. त्यातून शिवणाचे वर्ग चालतात, कधी मशीनवाटप होतं. वाटपाबद्दल माझं मत वाईट आहे. पायानं चालवायचं घरगुती मशीन देतात. त्यावर ब्लाउज निघेल, युनिफॉर्मचा गठ्ठा निघत नाही. मी नंतर भेटी द्यायला जायचे तर मशीनला मूळ प्लास्टिक तसंच आणि वर टीव्ही ठेवलेला. त्यापेक्षा पॉवर मशीनवरच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागा, बँकेच्या फाइलला ते लागतं. तुमच्या मिसेसना शिवता येतं हे मला कळतं, बँकेच्या साहेबाला कागद दिसल्यावर कळतं.

आणि मशीन घेताना मोटर बघा. जुनी क्लच मोटर शिवत नसलात तरी फिरत राहते, बिल खाते. सर्व्हो मोटर पाय दाबला की फिरते. दोन पैसे जास्त जातात पण घरगुती वायरिंगवर चार मशीनं चालवायची असतील तर दुसरा विचार करू नका. वीजजोडणी धंद्याची करून घ्या. घरच्या मीटरवर कारखाना सापडला की दंडाचं बिल हप्त्यापेक्षा मोठं येतं.

गटाचंही सांगते, कारण कुणीतरी "बचत गट काढा" म्हणणारच. तिघींचा गट होत नाही. शहरात दहा बायका लागतात. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात गटाला दहा हजार फिरता निधी मिळायचा आणि गटाच्या कर्जावर सात टक्क्यांच्या वरचं व्याज सरकार भरायचं. त्या अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली, तरी पत्रकं अजून भिंतीवर आहेत, ती वाचून हिशेब करू नका. गट काढायचा तर पंचसूत्री पाळायला काढा: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, आणि हिशेबाची वही. बँकेचा माणूस आधी वही उघडतो. सगळ्या महिन्यांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दिवशी केलेल्या असल्या की त्याला लगेच कळतं.

तुमच्या गाडीबद्दल कुणी जाणकार लिहील.

---

पथारीवाला:

ताईंनी सांगितलं तेच, महापालिकेकडे कागद मागायचा, गाडीच्या बाबतीत लागू. मी आमच्या शहराच्या नगर पथविक्रेता समितीवर फेरीवाल्यांमधून निवडून गेलेला सदस्य आहे.

तुझ्या गाडीसाठी कायदा आहे, पथविक्रेता अधिनियम २०१४. त्यात महापालिकेनं दर पाच वर्षांनी एकदा तरी फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करायचं, आणि सर्वेक्षणात सापडलेल्याला विक्री प्रमाणपत्र द्यायचं. समितीचे अध्यक्ष आयुक्त, पण किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी मत देऊन निवडलेले, त्यात एकतृतीयांश बायका. तेव्हा पहिलं काम: तुझं नाव सर्वेक्षणाच्या यादीत आहे का ते बघ. सर्वेक्षणाच्या दिवशी गाडी जागेवर नव्हती म्हणून निम्मे लोक राहून जातात. नाव नसेल तर अर्ज दे, पोच घे, सोबत जागेवर गाडी उभी असलेले फोटो, जुन्या पावत्या, आजूबाजूच्या दुकानदारांचं लिहून घे. पोच नसलेला अर्ज म्हणजे रद्दी.

पळापळीबद्दल. प्रमाणपत्रवाल्याला जागेवरून हलवायचं तर कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर जागेवर यादी करून द्यावी लागते. तुझ्यासारखा न सडणारा माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत सोडायचा, भाजी-फळं त्याच दिवशी. ठरलेलं शुल्क भरायचं. प्रत्यक्षात यादी कोण देतं? मागणाऱ्याला देतात. ट्रकमध्ये क्रेट चढवत असताना भांडू नकोस. मोबाईलवर व्हिडिओ चालू कर आणि शांतपणे म्हण, "साहेब, पंचनाम्याची यादी द्या." पन्नास चार्जर गेले आणि वीस परत आले, हे यादी नसताना सिद्ध करता येत नाही.

प्रमाणपत्र किंवा महापालिकेचं शिफारसपत्र हाताशी आलं की पीएम स्वनिधी, म्हणजे फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना. २०२० च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज दहा हजार होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कर्जाच्या रकमा १५, २५ आणि ५० हजार केल्या. तारण नाही. वेळेवर भरलं तर सात टक्के व्याज अनुदान खात्यात परत येतं. दुसरं कर्ज फेडलेल्यांना यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळणार आहे.

पंधरा हजारांत तुझा चार्जरचा एक लॉटही येणार नाही, माहीत आहे. तरी घे. आमच्यातल्या कित्येकांचं बँकेत आयुष्यातलं पहिलं कर्ज हेच होतं, आणि त्या कागदावर महापालिकेनं "हा विक्रेता आहे" असं लिहून दिलेलं असतं. गाडी उचलायला आलेल्या माणसासमोर तो कागद कर्जापेक्षा जास्त कामाला येतो.

---

माजी_शाखाधिकारी:

बँकेच्या बाजूनं दोन गोष्टी. पीएमईजीपीच्या फाइली नाकारल्या जातात त्यात माझ्या अनुभवानं सगळ्यात मोठं कारण प्रकल्प अहवाल हे नसतं. ते कारण म्हणजे साप्ताहिक हप्त्याची मायक्रोफायनान्सची कर्जं. शेजारणीच्या गटात सही केली, तिनं थकवलं, आणि ही बाई क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज-परतफेडीच्या नोंदीत, लाल. तिला स्वतःलाही माहीत नसतं. तेव्हा अर्ज टाकायच्या आधी तिघींचे रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक रिपोर्ट फुकट मिळतो. त्या फिरत्या माणसानं झेरॉक्सवर काही उचललं असेल तर तेही तिथेच दिसेल. बँकेत तारण मागितलं तर ठामपणे सांगा की सूक्ष्म-लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण न घेण्याचे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. साहेब कपाळाला आठ्या घालेल, पण नाही म्हणता येत नाही. मशीनचे पैसे थेट विक्रेत्याला जातात, म्हणून कोटेशन जीएसटीवाल्या दुकानाचं घ्या.

दुसरं, तुम्ही ओघात लिहिलंत की मेचे पैसे गणपतीपर्यंत लटकतात. मला तर कर्जापेक्षा हाच मुद्दा मोठा वाटतो. मिसेसच्या नावानं उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. फुकट आहे, आधारवर होते, मोबाईलवरून अर्ध्या तासाचं काम. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद लागू आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट कारखानदाराला मिळत नाही. त्याचा सीए मार्चमध्ये त्याला स्वतःहून विचारतो, "यांचे पैसे दिले का?" ही तरतूद आली तेव्हा व्यापारी किती चिडले होते ते आठवतं, चिडले म्हणजे लागू पडली.

माल देण्याआधीची नोंदणी हवी. मागच्या उधारीला याचा भरवसा धरू नका. आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर चलन: नग किती, दर किती, तारीख, घेणाऱ्याची सही. बिलबुक पन्नास रुपयांना मिळतं.

---

उगाच_नाही:

४५ दिवसांचा कायदा दाखवला की कारखानदार पुढच्या सीझनला कापलेला माल दुसऱ्या घरी टाकेल. हे पण लिहा की.

---

माजी_शाखाधिकारी:

बरोबर आहे, टाकेल. म्हणून थकलेल्या पैशांच्या सरकारी तक्रार पोर्टलवर लगेच जाऊ नका. बिलावर फक्त उद्यम क्रमांक छापा आणि गप्प बसा. एवढ्यानं जो वेळेवर देतो तो ठेवण्यासारखा गिऱ्हाईक. तक्रार त्याच्यासाठी, ज्याच्याकडे तुम्हाला तसंही परत काम करायचं नाही.

---

मोबाईलवाला_सोलापूर:

सगळ्यांचे आभार. झेरॉक्स परत मागितल्या, तर म्हणतो "फाइल वर गेली." वर म्हणजे कुठे ते सांगेना. तिघींचे रिपोर्ट काढले, दोघींचे स्वच्छ आहेत. एकीच्या नावावर जुनं गटाचं कर्ज थकीत दिसतंय, तिला हे आम्हीच सांगितलं. रडायला लागली.

उद्यम बायकोच्या नावानं काढलं. माझं नाव सर्वेक्षणाच्या यादीत नाही, अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच घेतली. शिपाई म्हणाला पोच लागत नाही, मी उभा राहिलो.

आता अडचण वेगळी. अर्ज एकीच्याच नावावर जाणार म्हटल्यावर दुसऱ्या घरून कुरबुर सुरू झाली. "मशीन तिच्या नावावर, मग आम्ही कोण?" भागीदारी पेढी काढून अर्ज करता येतो का? आणि उद्यम काढलं म्हणजे युनिट "चालू" धरून पीएमईजीपी नाकारणार का?

---

निवृत्त_समूहसंघटिका:

भागीदारी पेढी पीएमईजीपीत चालत नाही. अर्ज व्यक्तीच्या नावानं करा, कर्जदार एकच, सही एकीची आणि जबाबदारीही एकीची. कुरबुर करणाऱ्यांना हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा. मशीन नावावर म्हणजे हप्ताही नावावर.

तरी त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर तिघींमध्ये लिहून काढा: नगामागे कुणाला किती, वीस हजारांच्या हिश्श्यात कुणी किती घातले, मशीन बंद पडलं तर दुरुस्ती कुणाची, एक बाहेर पडली तर तिचे पैसे किती दिवसांत परत. तोंडी ठरलेलं गट मोडताना प्रत्येकीला वेगळं आठवतं. थकीतवाल्या बाईला आधी तिच्या जुन्या गटाकडे आणि मग त्या कर्ज देणाऱ्या कंपनीत लेखी घेऊन जा, तिचा हिस्सा किती ते काढा. भरला की ना-देय दाखला घ्या. तोपर्यंत ती कामात राहू दे, कागदात नको.

उद्यमचा प्रश्न चांगला विचारलात. घरी एका मशीनवर मजुरीनं जॉबवर्क करणं वेगळं आणि स्वतः कापड घेऊन युनिफॉर्म तयार करणारं युनिट वेगळं, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये हा फरक आपोआप दिसत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात उद्यमचं प्रमाणपत्र दाखवून आधी तोंडी विचारा, मग प्रकल्प अहवालात "प्रस्तावित उत्पादन युनिट" आणि त्याची वेगळी जागा स्पष्ट लिहा. अहवाल स्वतः भरा, नमुने पोर्टलवर आहेत. मुलाखतीत तुमच्या मिसेसना विचारतील, एका शर्टाला कापड किती लागतं, दिवसाला किती नग निघतात. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांनाच देऊ द्या.

आणि "फाइल वर गेली" म्हणणाऱ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि त्याची प्रत त्याला दाखवा. झेरॉक्स खाली येतील.